दाढेचा हिशेब

दाढ हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही श्रोत्यांना पडला असेल. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा अर्धवट सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु ज्याला ज्वारीची भाकरी खावयाची आहे त्याला दाढेचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढचे दात तोडतात; दळण्याचे काम दाढांचे. खालची एक दाढ काढल्यापासून आम्ही एकाच बाजूने जेवतो. तिच्या जागी धातूचे मूळ, म्हणजे इम्प्लांट, बसवावे काय, असा विचार निघाला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही एवढेच विचारले, "टिकणार किती?" उत्तर आले, "दहा वर्षांनंतर शंभरात शहाण्णव शाबूत असतात." हा आकडा कोठून आला, तेच आज पाहावयाचे आहे.

कथा स्वीडनमध्ये सुरू होते. १९५२ साली लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात टायटेनियमची एक बारीक डबी बसविली होती. काम संपल्यावर ती काढू गेले, तो निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. ब्रोनेमार्क हे दंतवैद्य नव्हते. पण हा चिकटपणा दाताच्या मुळासाठी उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी अशी चार मुळे बसविली. लार्सन २००६ साली वारले; तोपर्यंत ती मुळे काम देत होती.

एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. स्वीडनमधील दंतवैद्यांनी पुष्कळ वर्षे या कामावर अविश्वास दाखविला. त्याला उत्तर वादाने नव्हे, तर मोजणीने मिळाले. १९८१ साली ब्रोनेमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांच्या कामाचा हिशेब प्रसिद्ध केला. पाच ते नऊ वर्षे नजरेखाली राहिलेल्या रोग्यांत वरच्या जबड्यातील ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातील ९१ टक्के मुळे पक्की होती.

येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. ही मुळे होती कोठे? बहुतेक जबड्याच्या पुढच्या भागात, जेथे हाड दणकट असते. सगळे दात गेलेल्या माणसाच्या तोंडात पुढे पाच-सहा खांब रोवीत आणि मागच्या दाढा त्यांच्या आधारावर, भिंतीबाहेर काढलेल्या सज्जासारख्या, लोंबत्या ठेवीत. म्हणजे पहिला कीर्तिमान आकडा दाढेच्या जागेचा नव्हताच. त्या जागेचा स्वभाव निराळा. वर, मागच्या बाजूला हाड मऊ, आणि त्याच्यावर जबड्याच्या हाडातली पोकळी. खाली हाडातून जाणारी शीर. आणि चावण्याचा जोर सर्वांत जास्त तेथेच. १९९१ साली अमेरिकेतील जॅफिन आणि बर्मन यांनी हाडाच्या प्रतीप्रमाणे हिशेब मांडला. घट्ट हाडात ३ टक्के मुळे गेली होती. अगदी मऊ हाडात ३५ टक्के!

पुढे उपाय निघाले. वरच्या पोकळीचा तळ उचलून तेथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया १९८० साली बॉइन आणि जेम्स यांनी प्रसिद्ध केली होती. मुळाचा गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत करण्यात आला. हाड त्याला लवकर धरू लागले. १९९३ साली बेन आणि मॉय यांनी धूम्रपानाचा हिशेब दिला: न ओढणाऱ्यांची ४.७६ टक्के मुळे गेली, ओढणाऱ्यांची ११.२८ टक्के. आमच्या विडीवाल्या बांधवांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता त्या शहाण्णवाकडे वळू. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून दहा वर्षांचा आकडा काढला गेला, तो ९६.४ टक्के. परंतु त्याच संशोधकांनी आणखी एक प्रामाणिक गोष्ट केली. जे रोगी तपासणीला येईनासे झाले, त्यांच्यातही मुळे गेली असणार, असे धरून त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. तेव्हा आकडा ९३.२ वर आला. हजेरीपटावर नाव नाही म्हणजे माणूस सुखी आहे, असे आमच्या धंद्यात कोणी मानीत नाही. शिवाय मूळ तोंडात उभे असणे वेगळे आणि सुस्थितीत असणे वेगळे. म्हणूनच १९८६ साली आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी यशाची कसोटी ठरविली: मूळ हलू नये, दुखू नये, आणि पहिल्या वर्षानंतर भोवतालचे हाड दरसाल ०.२ मिलिमीटरपेक्षा कमीच झिजावे.

तेव्हा 'टिकणार किती?' या प्रश्नापुढे आणखी तीन प्रश्न जोडावेत, असे आम्हांस वाटते. कोणत्या जागी? कोणत्या हाडात? आणि मोजताना कोण गैरहजर होते? स्वीडनने १९७४ साली दंतविमा सुरू केला. दात राखणे ही एकट्याची चैन नव्हे, हे त्या देशाने मानले. आमच्या कामगाराला खर्च खिशातून करावा लागतो, म्हणून हिशेब विचारण्याचा त्याचा हक्क दुप्पट आहे. आम्ही विडी सोडली आहे. दाढेचा निर्णय हाडाचा फोटो पाहून करू.