मास्टर दीनानाथ आणखी जगले असते तर...

जिमी हेंड्रिक्स १९७० साली, वयाच्या २७ व्या वर्षी गेला. तो जगला असता तर रॉक संगीताने कोणते वळण घेतले असते, यावर पाश्चात्त्य रसिक आजही वाद घालतात. आपल्याकडे मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव निघाले की असाच सुस्कारा ऐकू येतो. पण सुस्कारा म्हणजे उत्तर नव्हे.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. ‘रणदुंदुभी’ आणि ‘संन्यस्त खड्ग’मधील वझेबुवांच्या चाली त्यांनी तडफेने गाजवल्या. पुढे बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. मंडळीने चित्रपटनिर्मितीत हात घातला आणि तो पोळला. कर्ज, मद्य आणि आजारपण यांनी घेरलेला हा गायक २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेला. वय अवघे ४१.

ते जगते तर संगीत नाटक तगले असते का? मला तसे वाटत नाही. बालगंधर्व १९६७पर्यंत हयात होते, तरी त्या नाटकाची उतरण थांबली नाही. एका माणसाच्या आयुष्याने थिएटराचे अर्थकारण बदलत नसते.

बदलली असती ती विद्येची वाट. दीनानाथ गेले तेव्हा हृदयनाथ ४ वर्षांचे होते. समोर बसवून देण्याची तालीम तिथेच तुटली. मागे राहिल्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांच्या. वसंतराव देशपांडे त्या गायकीने भारलेले होते. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तिची धग जाणवते. दीनानाथ तेव्हा ६६ वर्षांचे असते. दीर्घ ध्वनिमुद्रण तोवर रुळले होते. त्यांची पूर्ण मैफल आज आपल्या हाती असती.

मात्र या हिशेबाला दुसरी बाजू आहे. १९४२ साली ‘किती हसाल’साठी लताबाई गायल्या. मुलीने सिनेमात गाणे वडिलांना पसंत नव्हते, म्हणून ते गाणे वगळले गेले. त्याच वर्षी वडील गेले आणि घर चालवण्यासाठी १२ वर्षांच्या लताबाई सिनेमात शिरल्या. दीनानाथ जगते, तर १९४९च्या ‘महल’मध्ये कदाचित दुसराच आवाज असता.

म्हणजे एका आवाजाच्या मोलाने आपल्याला दुसरा आवाज मिळाला. हा सौदा आपण केला नाही. तो एका कुटुंबावर कोसळला आणि त्याचा लाभ आपण घेतला. ‘बरेच झाले’ असे म्हणण्याचा अधिकार म्हणूनच रसिकाला नाही.

रात्री पूर्णा गावातल्या गोदामांची शटरे पडली, ट्रकांचा आवाज ओसरला, की मी दीनानाथांचे पद लावतो. तान आकाशाकडे झेपावते आणि तबकडी संपते. ‘असते तर’चा प्रश्न मला तिथेच, त्या खरखरीत ऐकू येतो.