माय, जातं आणि माईक

साठी उलटलेल्या माणसाने दोन गोष्टी खरेदी करायला एकट्याने जाऊ नये. एक म्हणजे स्वतःसाठी टोपी आणि दुसरी म्हणजे कॉम्प्युटरसाठी हेडफोन. टोपीत फार तर शोभा होते. हेडफोनच्या नादाने मला दीडशे वर्षांचा इतिहास शिकावा लागला, आणि तोही नापास झाल्यावर.

त्याचं असं झालं. आमची माय शहाऐंशी वर्षांची. तिला जात्यावरच्या ओव्या किती येतात ते तिलाही ठाऊक नाही. गावात गिरणी आल्यापासून जातं परसात पालथं पडलेलं, पण मायच्या तोंडातलं दळण थांबलेलं नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी कुठेतरी वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, लाखात आपल्या मायच्या ओव्या असतील-नसतील. आपण त्या आपल्याच घरी मुद्रित करून ठेवू.

आता आमचं घर कुठे, तर इस्लापूरला. पुण्याचे लोक विचारतात, "हे कुठं आलं?" सहस्रकुंडाचा धबधबा माहीत असतो, त्याच्याजवळचं गाव माहीत नसतं. किनवट तालुका, जिल्हा नांदेड. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. पूर्वी आमचं इस्लापूर सर्कल हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आम्हाला तिकडून उपटून नांदेडला खोचलं. त्यामुळे माय सासरी आली ती आदिलाबाद जिल्ह्यात आणि मी जन्मलो तो नांदेड जिल्ह्यात. मधल्या काळात घर एक वीतभरही हललं नाही. पिन कुठून काढून कुठे खोचायची हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही, एवढंच सांगायचं आहे.

माझा कॉम्प्युटर जुना. त्याच्यावर भाच्याने लिनक्स बसवून दिलेलं. "मामा, हे फुकट आहे आणि व्हायरसचा त्रास नाही," असं तो म्हणाला. फुकट म्हटल्यावर आम्ही मास्तर लोक पुढचं ऐकत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे सुरू केलं. पुढे जगभरच्या लोकांनी आपापल्या घरून त्यात भर घातली. आपल्या सी-डॅकनेही २००७ साली 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स काढलं. म्हणजे ही सगळी भंडाऱ्याची पंगत. वाढणारे पुष्कळ, जेवण उत्तम. फक्त मीठ हवं असेल तर कुणाला हाक मारायची ते कळत नाही.

तालुक्याच्या गावी एका दुकानात गेलो आणि हेडफोन मागितला. दुकानदाराने एक काळं प्रकरण पुढे केलं. डोक्यावर कमान, दोन कानांना दोन वाट्या आणि तोंडापुढे काडी. मी विचारलं, "लिनक्सला चालतं का?" तो म्हणाला, "सर, सगळ्याला चालतंय." बाजारात 'सगळ्याला चालतंय' या वाक्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही.

घरी आलो. मागे दोन भोकं, एक गुलाबी आणि एक हिरवं. गुलाबी माईकचं, हिरवं कानाचं. हे रंग कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास ठरवून घेतले. पण माझ्या हेडफोनला पिन एकच! मोबाईलची. त्या एका पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग असतात: डावा कान, उजवा कान, जमीन आणि माईक. त्यातही जमीन आणि माईक यांचा क्रम लावण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचं आपसात पटत नाही. एका पिनेत चौघं नांदायचे म्हणजे भावकी आलीच. मी ती पिन हिरव्या भोकात घातली. आवाज आला. म्हटलं, आवाज येतो तर जातही असेल.

मायला खुर्चीवर बसवलं. तिने पदर सावरून ती कमान डोक्यावर घेऊ दिली. "काय करूलालास रे? हे कामून बांधूलालास?" असं दोनदा विचारलं. मग एकदा सूर लागल्यावर ती अर्धा तास थांबलीच नाही. माझ्या मामावरची एक ओवी तिने म्हटली. मामा चाळीस वर्षांपूर्वी गेला. ती ओवी मी जन्मात ऐकली नव्हती. मी डोळे पुसले, बटण दाबलं आणि मुद्रण ऐकायला बसलो.

अर्धा तास निव्वळ शांतता.

माय म्हणाली, "मी तं म्हणलं बाबा. तुझ्या डबड्यानं ऐकलं नाही." पुन्हा म्हण म्हटलं, तर मामाची ओवी काही केल्या आठवेना. "दळताना येते ती. अशी बोलावल्यानं थोडीच येते?" एवढंच म्हणून ती भाजी निवडायला गेली.

त्या रात्री मी जेवलो नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून मी इतिहासाला लागलो.

तर वाचकहो, हे सगळं टेलिफोनच्या पोरींपासून सुरू होतं. १८८० च्या दशकात अमेरिकेत एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांसाठी जे पहिलं यंत्र निघालं ते खांद्यावर घ्यावं लागे आणि त्याचं वजन दहा पौंडांच्या वर होतं. म्हणजे कानाला लावायचं की बैलाला, हा प्रश्नच. एक्स्चेंजच्या फळ्यावर वायर खुपसण्यासाठी जी जाड पिन वापरत, तिचीच धाकटी आवृत्ती पुढे ट्रान्झिस्टरला आली आणि १९७९ साली वॉकमनबरोबर जगभर गेली. माझ्या हातातली पिन त्याच घराण्यातली. डोक्यावर बसणारी खरी जोडी नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थाने १९१० साली अमेरिकेच्या आरमाराला पाठवली. प्रार्थनामंदिरात प्रवचन नीट ऐकू येत नाही म्हणून त्याने या उद्योगाला हात घातला, असं सांगतात. आरमाराने शंभर नग मागितले तर त्याने कळवलं, एका वेळी दहाच जमतील. कारण कारखाना म्हणजे घरचं स्वयंपाकघर! मला हा माणूस एकदम जवळचा वाटला.

माईकची कथा निराळी. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांनी रेकॉर्ड दिली तेव्हा माईक नव्हताच. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीतून ओरडून सांगायचं, म्हणजे जर्मनीत तबकडी बनवणाऱ्याला कळावं कुणाची ते. विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं ते १९२५ साली. तोवर सगळ्या गवयांना यंत्रासाठी ओरडावं लागलं. आणि आज माझ्या हेडफोनच्या काडीच्या टोकाला जो हरभऱ्याएवढा माईक आहे तो सेसलर आणि वेस्ट या दोघांनी १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधलेल्या जातीचा. त्याला कॉम्प्युटरकडून थोडी वीज लागते. ती गुलाबी भोकातून मिळते, हिरव्यातून नाही. म्हणजे माझी माय अर्धा तास एका उपाशी माईकपुढे गायली होती.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, एका पिनेच्या दोन करणारी वायर मिळते. ती आणा." आणली. गुलाबी पिन गुलाबीत, हिरवी हिरव्यात. तरी शांतता. मग त्याने 'अल्सामिक्सर' नावाचा पडदा उघडायला लावला. अल्सा म्हणजे लिनक्सच्या पोटातलं आवाजाचं खातं. यारोस्लाव किसेला याने १९९८ साली ते सुरू केलं. त्याच्या डोक्यावर २००४ साली पल्सऑडिओ आला आणि आता त्याच्या जागी पाइपवायर आलाय. साहेब बदलतात, पण टेबलावरचा कारकून मात्र अल्साच. त्या पडद्यावर माईकच्या खांबाखाली 'एमएम' अशी दोन अक्षरं होती. मी समजलो, 'मराठी माध्यम'. त्याचा अर्थ निघाला 'तोंड बंद'. एम दाबल्यावर तोंड उघडलं. आता मायचा आवाज आला, पण भजी तळताना रेडिओ लावावा तसा. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातली खरखर त्या पातळ वायरीतून आत शिरत होती.

"बिनवायरचा घेऊ का?" मी विचारलं. तो म्हणाला, "नको. ब्लूटूथवर गाणं छान ऐकू येतं, पण त्याचाच माईक चालू केला की बहुतेक हेडफोन टेलिफोनच्या चालीवर जातात आणि दोन्हीकडचा आवाज खालावतो. तुम्ही यूएसबीचा घ्या. आवाजाचं यंत्र त्याच्या स्वतःच्या पोटात असतं, आणि १९९८ पासून त्याचा एक ठरलेला नियम आहे. तो नियम पाळणारा कुठलाही लिनक्सला ओळखीचा निघतो. सीडी नको, ड्रायव्हर नको."

एवढं एक वाक्य त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! पण मी तरी कुठे विचारलं होतं? मी 'फुकट'पाशीच थांबलो होतो.

नांदेडला जाऊन यूएसबीचा आणला. लावला, यादीत त्याचं नाव आलं, तेच निवडलं. या वेळी आधी मी स्वतः 'एक दोन तीन' म्हणून ऐकलं. मग आणखी शहाणपण सुचलं. परसातलं जातं दोघांनी धरून सुलटं केलं, धुतलं, ओसरीवर मांडलं. हेडफोन मायच्या डोक्यावर नाही ठेवला. काडी तिच्याकडे वळवून शेजारच्या पाटावर ठेवला. तिने खुंटा धरला, मूठभर ज्वारी घातली आणि जातं फिरू लागलं.

चाळीस मिनिटं. त्यात दोनदा कोंबडा आहे, एकदा शेजारीण आहे, आणि सगळ्याच्या खाली जात्याची घरघर आहे. मामाची ओवी मात्र नाही. ती आलीच नाही. ती हिरव्या भोकात गेली ती गेली. आता रोज सकाळी मायपुढे मूठभर ज्वारी ठेवतो आणि पाटावर माईक मांडून वाट बघतो.

पहिल्या दिवशीचं मुद्रण मात्र मी मायच्या कानाला लावलं. ती बराच वेळ गप्प ऐकत राहिली. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. मी विचारलं, "माय, ऐकू येऊलालं का?"

तिने हाताने मला गप्प केलं. मग हळूच म्हणाली, "थांब जरा. ही तं माझी माय म्हणूलाली."