बागेतलं विमान कामाला कधी लागलं?

'आभासी जगातून कामाचं प्रशिक्षण' असा तुमचा विषय असेल, तर इतिहासाची सुरुवात कॉम्प्युटरपासून करू नका. जरा मागे, १९२९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला चला.

एडविन लिंक तिथे वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. विमान चालवायला शिकणं फार महाग होतं. म्हणून त्याने ऑर्गनसारखे हवेचे भाते लावून जमिनीवरच डुलणारं, वळणारं छोटं विमान बनवलं. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः करमणुकीच्या बागांचं!

फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने हवाई टपालाचं काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांना दिलं. रात्री, धुक्यात, नुसत्या काट्यांकडे बघत उडायचा सराव बहुतेकांना नव्हता. काही महिन्यांत डझनभर जणांचा जीव गेला. त्याच वर्षी लष्कराने ६ लिंक ट्रेनर घेतले, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसायचं, समोर फक्त काटे. चुकलात, तर पुन्हा करायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी सुमारे १०,००० यंत्रं बनली.

म्हणजे यंत्र आधीच तयार होतं. मग मधली पाच वर्षं ते मुख्यतः बागेतच का राहिलं? खरा संशोधनप्रश्न इथे आहे. आपण प्रबंधात 'तंत्रज्ञान कधी आलं' एवढंच लिहून मोकळे होतो. तुमच्या तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: ते कामावर कोणी स्वीकारलं, आणि काय गमावल्यावर?