शहादा चळवळ आणि युवकांचा राजकीय सहभाग : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाहीत युवकांच्या सहभागाचा विचार सामान्यतः मतदानाच्या टक्केवारीवरून केला जातो. मतदान हा सहभागाचा शेवटचा टप्पा होय. त्याआधी सभेत बोलणे, ठराव मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे, अर्ज लिहिणे आणि घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वीकारणे या गोष्टी शिकाव्या लागतात. त्या कोठे शिकल्या जातात, हा इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरतेचे प्रमाण त्या वेळी ६४.३८ टक्के होते. अशा या जिल्ह्यात १९७० च्या दशकात भूमिहीन आदिवासी तरुणांनी समतेचा लढा उभारला. त्या लढ्यातून तरुण कसे घडले आणि पक्षीय राजकारणात त्यांना कितपत वाट मिळाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शहादा चळवळीतील युवक सहभागाचे स्वरूप समजून घेणे.
२) चळवळ आणि राजकीय पक्ष यांच्यातील संबंधांचा आढावा घेणे.
३) १९८९ नंतरच्या घटनात्मक बदलांच्या प्रकाशात या अनुभवाचे मूल्यमापन करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या परिसरात सार्वजनिक जीवनातील युवकांचा विचार करताना ९ सप्टेंबर १९४२ या दिवसाचे स्मरण अपरिहार्य ठरते. 'छोडो भारत' आंदोलनातील मिरवणुकीवर नंदुरबार येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनःश्यामदास शाह हे हुतात्मे झाले. शिरीषकुमार त्या वेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. हा शहरातील, शाळेत जाणाऱ्या मुलांचा सहभाग होता.

त्याच काळात शहराबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक वेगळे जागरण घडत होते. तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुला महाराज यांनी १९३० च्या दशकात भिल्ल समाजात दारूबंदी, स्वच्छता आणि परस्परांना 'आप' म्हणून संबोधण्याचा आग्रह धरला. १९३८ साली त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे नेले. वरकरणी धार्मिक असलेल्या या चळवळीचा आशय सामाजिक होता. ज्या माणसाला गावात कोणी आदराने हाक मारीत नव्हते, त्याला ती हाक त्याच्याच समाजाने दिली. पुढील लढ्याची मनोभूमी येथे तयार झाली, असे म्हणता येईल.

मात्र या दोन प्रवाहांची गाठ पडली नाही. स्वातंत्र्यानंतर शहादा-तळोदा भागात बागायती शेती व सहकार वाढला. जमीनधारक कुटुंबांतील तरुणांसाठी सहकारी संस्था, साखर कारखाना व शिक्षणसंस्था या राजकारणाच्या शाळाच ठरल्या. सोसायटीचा संचालक, पंचायत समितीचा सदस्य आणि पुढे विधानसभा, असा त्यांचा मार्ग ठरलेला होता. भिल्ल तरुणाच्या वाट्याला मात्र सालदारकी आली. गहाणवट, कर्ज आणि फसवणूक यांमुळे त्याच्या कुटुंबाची जमीन हातची गेली होती. मतदारयादीत त्याचे नाव होते, पण निर्णय घेण्याची एकही जागा त्याच्याजवळ नव्हती.

शहादा परिसरातील संघर्ष

अंबरसिंग सुरतवंती हे या परिसरातील भिल्ल समाजातून पुढे आलेले सर्वोदयी कार्यकर्ते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्याच्या मागणीवरून झालेल्या संघर्षात गोळीबार होऊन आदिवासीचा बळी गेला. या घटनेने परिसर हादरला. ग्रामस्वराज्य समितीच्या माध्यमातून अंबरसिंग यांनी अन्यायाच्या प्रश्नांना वाचा फोडली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहादा येथे भूमुक्तीसाठी मेळावा भरला.

याच सुमारास बाहेरचे काही सुशिक्षित तरुण शहाद्यात आले. बाबा आमटे यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीची प्रेरणा त्यांच्यापैकी काहींच्या मागे होती. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले कुमार शिराळकर, तसेच दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे आदींनी येथे काम सुरू केले. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. मजुरी, सालदारांच्या कामाच्या अटी, गेलेल्या जमिनी आणि दुष्काळी कामे हे तिचे प्रमुख प्रश्न होते. १९७४ साली अंबरसिंग यांचे ऐन उमेदीच्या वयात निधन झाले. तरीही काम थांबले नाही. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देण्यासंबंधीचे कायदे राज्यात १९७४-७५ मध्ये झाले, तर रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला. या कायद्यांचे श्रेय एकट्या शहाद्याला देणे अनैतिहासिक ठरेल. तथापि राज्यात ज्या ठिकाणच्या संघर्षांनी या प्रश्नांना निकड आणली, त्यांत शहाद्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

तरुण मंडळे : निर्णयाची पहिली जागा

युवक सहभागाच्या दृष्टीने या चळवळीचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे गावोगावची तरुण मंडळे. मोर्चे कोणत्याही चळवळीत निघतात. मोर्च्यातील तरुण हा बहुधा संख्या असतो, मंडळातील तरुण हा निर्णयकर्ता असतो. गावातील मजुरीचा दर, सालदाराचे भांडण, दारूचा गुत्ता, सातबाऱ्यावरील नोंद अशा प्रश्नांची चर्चा गावपातळीवर होऊ लागली. सहकाराने जमीनधारक तरुणाला जे शिक्षण दिले, तेच शिक्षण तरुण मंडळाने भूमिहीन तरुणाला दिले. समतेचा प्रचार या तरुणांना भाषणांतून कळला त्यापेक्षा अधिक या दैनंदिन व्यवहारातून कळला.

स्त्रियांच्या सहभागाने या समतेची कसोटी पाहिली. चळवळीच्या शिबिरांत आदिवासी स्त्रियांनी मजुरीबरोबरच घरातील मारझोड आणि पुरुषांचे दारूचे व्यसन हे विषय मांडले. त्यानंतर स्त्रियांनी गावांत जाऊन दारूची मडकी फोडली आणि पत्नीला मारणाऱ्यांना जाब विचारला. मालकाकडे समता मागणाऱ्या तरुणाला ती स्वतःच्या घरात द्यावी लागेल, हा धडा येथे मिळाला. मराठी स्त्रीमुक्ती चळवळीच्या अभ्यासकांनी शहाद्याकडे वारंवार लक्ष वेधले, ते याच कारणाने. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीनेही १९७६ साली या चळवळीवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला.

तथापि चळवळीच्या आतही विषमता होती. लिहिणारे आणि बोलणारे बहुतांशी बाहेरून आलेले सुशिक्षित तरुण होते. श्रमिक संघटनेतूनच घडलेले भिल्ल कार्यकर्ते व कवी वाहरू सोनवणे यांनी हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली प्रकाशित झाला. 'स्टेज' ही त्यांची कविता, आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून इतरांनीच सांगावे या परिस्थितीवर नेमके बोट ठेवते. ही टीका चळवळीच्या अपयशाची खूण म्हणून वाचली जाते. वस्तुतः आपल्या नेत्यांनाही प्रश्न विचारणारा तरुण निर्माण होणे, हे चळवळीच्या यशाचेच लक्षण मानावे लागेल.

चळवळ आणि पक्ष

श्रमिक संघटनेच्या तरुणांवर 'मागोवा' गटाच्या मार्क्सवादी विचारमंथनाचा प्रभाव होता. पक्षात जावे की पक्षापासून अलिप्त राहावे, यावर कार्यकर्त्यांत मतभेद झाले. कुमार शिराळकर पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि २०२२ साली निधन होईपर्यंत शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम करीत राहिले. धुळ्याचे कॉ. शरद पाटील यांनी १९७८ साली मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला आणि वर्गाबरोबरच जात व स्त्रीदास्य यांच्या अंताचा विचार मांडला. वाहरू सोनवणे आदिवासी एकता परिषदेच्या सांस्कृतिक कार्याकडे वळले. एकाच मातीतून तीन वाटा फुटल्या.

निवडणुकीच्या राजकारणावर मात्र काँग्रेसचे वर्चस्व कायम राहिले. नंदुरबार या राखीव लोकसभा मतदारसंघातून माणिकराव गावित १९८१ पासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. राखीव जागेमुळे आदिवासी प्रतिनिधित्व निश्चित झाले. परंतु उमेदवार कोण असावा, हे ठरविण्याचा अधिकार तरुण मंडळासारख्या गावपातळीवरील संस्थेकडे कधीच आला नाही. चळवळीने तरुण घडवले आणि पक्षांनी त्यांची मते घेतली. या दोहोंमध्ये पूल बांधला गेला नाही.

१९८९ नंतरचे बदल

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत अनुसूचित जमाती व स्त्रियांना आरक्षण मिळाले. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचे प्रमाण निम्मे झाले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावे तपासण्याचे कामही ग्रामसभेपासून सुरू केले. अशा प्रकारे दारे एकामागून एक उघडली.

याच काळात एक दार बंद झाले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यान्वये महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका संपल्या आणि गुणवत्तेवर आधारित नियुक्ती आली. हिंसाचाराला आळा घालणे हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु पहिल्या पिढीतील आदिवासी विद्यार्थी नेमक्या याच दशकांत महाविद्यालयाच्या पायऱ्या चढत होता. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. तथापि २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या.

२०१४ साली नंदुरबारमधून भारतीय जनता पक्षाच्या डॉ. हीना गावित वयाच्या २६ व्या वर्षी लोकसभेत गेल्या. २०२४ साली त्यांचा पराभव करून काँग्रेसचे तरुण वकील गोवाल पाडवी विजयी झाले. दोन भिन्न पक्षांनी तरुण उमेदवार दिले आणि मतदारांनी ते स्वीकारले, ही स्वागतार्ह बाब होय. दोघांचेही वडील राज्याचे मंत्री राहिलेले आहेत, हीदेखील नोंद घ्यावी लागते. त्यात व्यक्तींचा दोष नाही. ज्या जिल्ह्यात राजकारण शिकण्याच्या सार्वजनिक जागा थोड्या असतात, तेथे ते घरात शिकता येणाऱ्यांनाच लाभते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, नंदुरबार परिसरातील युवक सार्वजनिक जीवनापासून कधीही उदासीन नव्हता. त्याला आत्मसन्मानाचा व उपजीविकेचा प्रश्न भिडला तेव्हा तो पुढे आला. दुसरा, सहभाग टिकला तो निर्णयाची जागा मिळाली तेथे. तिसरा, हक्कांचा विस्तार आणि ते वापरण्याचे शिक्षण यांची गती सारखी राहिली नाही. चौथा, स्त्रियांना बाजूला ठेवून मागितलेली समता अपुरी ठरते, हे शहाद्याच्या शिबिरांनी दाखवून दिले.

आज जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत बसणारे अनेक विद्यार्थी सालदारांचे नातू आणि मडकी फोडणाऱ्या स्त्रियांच्या नाती आहेत. आपल्या आजी-आजोबांनी काय केले, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. गावोगावच्या या आठवणी मौखिक इतिहास म्हणून नोंदविणे आणि ग्रामसभेचे कामकाज विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून पाहावयास लावणे, या दोन गोष्टी महाविद्यालयांना कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती न घेता करता येण्याजोग्या आहेत. तरुण मंडळाची जागा रिकामी आहे. ती भरण्याची जबाबदारी काही अंशी शिक्षकांवरही येते.