भेदिक सवालाची कुळकथा

एक वाडा आहे. त्याला नऊ दरवाजे, पण एकालाही कडी नाही. आत पाच जणांची वस्ती, आणि त्यांतल्या दोघांचं तर जन्माचं वैर. एक जासूद आहे, तो एका दिवसरात्रीत २१,६०० फेऱ्या मारतो. ज्या दिवशी तो गेला आणि परत आला नाही, त्या दिवशी वाडा ओस पडतो. सांगा, वाडा कोणता, जासूद कोण, आणि फेऱ्यांच्या हिशेबाला दाखला कुठला?

हा सवाल मी भेदिकाच्या, म्हणजे शाहिरांच्या कूट सवाल-जवाबांच्या गाण्याच्या, धर्तीवर गद्यात मांडला आहे. फडावर तो चालीवर येतो, डफ-तुणतुण्याच्या साथीनं, मागे झीलकऱ्यांचा सूर धरून. बेळगाव जिल्ह्यातली सदलगा, निपाणी, चिक्कोडी आणि दूधगंगेपलीकडचा शिरोळ-हातकणंगल्याचा पट्टा ह्या गाण्याच्या मुलखात येतो. सदलग्याहून नदी ओलांडली की दत्तवाड, म्हणजे कोल्हापूर जिल्हा आणि महाराष्ट्र. १९५६ पर्यंत बेळगाव आणि कोल्हापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. राज्याची हद्द नंतर पडली. गाण्याची वहिवाट त्याआधीची आहे, आणि ती दोन्ही भाषांत चालते.

आजकाल इंटरनेटवर हजारो अनोळखी माणसं मिळून एखादं गूढ उकलतात. त्याचं पहिलं मोठं उदाहरण २००१ सालचं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ए.आय.’ ह्या चित्रपटाच्या जाहिरातीत श्रेयनामावलीमध्ये एका नावापुढे एक चमत्कारिक हुद्दा छापला होता : जाणीव असलेल्या यंत्रांची मानसोपचारतज्ज्ञ. ते नाव ज्यांनी शोधून पाहिलं, त्यांना एका खुनाच्या कथेचा धागा सापडला. ‘क्लाउडमेकर्स’ नावाचा गट जमला आणि बघता बघता त्याचे हजारो सभासद झाले. मायक्रोसॉफ्टमधल्या ज्या मंडळींनी हा खेळ रचला होता, त्यांनी काही कोडी दिवसभर पुरतील, काही आठवडाभर आणि काही महिनोन्‌महिने पुरतील अशा हिशेबानं बेतली होती. ती पहिल्याच दिवशी उकलली गेली. एकाला प्रोग्रॅमिंग येत होतं, दुसऱ्याला जपानी, तिसऱ्याला संगीताची लिपी. रचणारे मोजके होते, सोडवणारे अगणित.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा भेदिकाची आठवण झाली. वरचा सवालच घ्या. नऊ दरवाज्यांचा वाडा म्हणजे देह, हे गीतेची पोथी ऐकलेला कुणीही सांगेल. पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगरच म्हटलं आहे. पाच जण म्हणजे पंचमहाभूतं, आणि वैर अग्नीचं नि पाण्याचं. हे कीर्तनाला नेमानं बसणाऱ्याला कळतं. जासूद म्हणजे श्वास. इथवर बरेच जण पोचतात. २१,६०० ला मात्र गाडं अडतं. तिथं उपयोगी पडतो पंचांग वाचणारा. सहा श्वासांचं एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक अहोरात्र. सहा गुणिले साठ गुणिले साठ, झाले एकवीस हजार सहाशे. आणि दाखला? तो नाथपंथी मठात बसउठ असलेला माणूस देतो, कारण घेरंडसंहितेत श्वासांची हीच संख्या दिली आहे. एका माणसाला हे सगळं येत असेलही, पण यावंच लागत नाही. चार ठिकाणचं चार तुकड्यांत असलेलं ज्ञान एका रात्रीपुरतं एका फडावर आलं की झालं. सवाल रचतानाच तो असा रचलेला असतो की तो फोडायला एकाहून अधिक डोकी लागावीत. भेदिकाची ताकद मला ह्यातच दिसते. त्याला नुसता अध्यात्माचा पाठ म्हणून बाजूला ठेवणं अन्यायाचं आहे.

भेदिकाच्या फडात दोन पक्ष असतात : कलगी आणि तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. कलगीवाल्यांना नागेश म्हणतात, तुरेवाल्यांना हरदास. उत्तरेत ह्याच खेळाची एक कथा सांगतात : तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांची जुगलबंदी ऐकून चंदेरीचा राजा खूश झाला, त्यानं एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. राजस्थानात चितोडच्या बाजूला ‘तुर्रा-कलंगी’चे ख्याल होतात, त्यांची मुळंही ह्याच दोघांपर्यंत नेतात. ही दंतकथा आहे, पण तिच्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते : परंपरेनं आपल्या मुळाशी एक हिंदू आणि एक मुसलमान शेजारी बसवले आणि ती बैठक कधी मोडली नाही.

आता दक्षिणेकडे बघा. बेळगाव-विजापूरकडच्या कानडी लावणीत, गीगी पदांत, दोन पक्ष आहेत : हरदेशी आणि नागेशी. हरदेशी पुरुषाची थोरवी गातात, नागेशी स्त्रीची. वाद्यं डफ, तुणतुणं आणि टाळ. तीच भांडणं, तेच दोन तट, तीच साथ. चंदेरीपासून विजापूरपर्यंत एकच कुळ पसरलं आहे, आणि सदलग्याचा पट्टा त्या कुळाच्या मराठी आणि कानडी शाखांच्या सांध्यावर बसला आहे. सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईच्या अखेरीस मराठी, कानडी, संस्कृत अशा भाषा एकाच लावणीत गुंफल्या, त्याचं साहित्याच्या इतिहासांत कौतुक होतं. सीमेवरच्या श्रोत्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. त्याचे दोन्ही कान उघडेच असतात.

फडाचे नियम कडक आहेत. सुरुवात गणानं. मग एक पक्ष सवाल टाकतो. ज्या चालीत सवाल आला, त्याच चालीत जाब द्यायचा. नुसतं उत्तर चालत नाही, ग्रंथाचा आधार द्यावा लागतो. समोरच्याला सुटलं नाही, तर सवाल टाकणाऱ्याला स्वतः उकलून दाखवावं लागतं, त्यामुळे उत्तर नसलेला सवाल टाकून कुणी वेळ मारून नेऊ शकत नाही. हरलेल्या पक्षानं आपल्या डफाचा तुरा किंवा कलगी उतरवायची, असाही रिवाज सांगतात. एक शाहीर गात असतो तेवढा वेळ दुसऱ्या बाजूच्या हाताशी असतो. त्या वेळात झीलकरी डोक्याला डोकं लावतात, कुणी कंदिलाशी हस्तलिखित बाड उघडतो, कुणी जुन्या गुरूची एखादी ओळ आठवतो. आणि समोर बसलेला श्रोता, ज्याचा दोन्ही पक्षांशी संबंध नाही, तोही मनात फेऱ्या मोजत असतो.

महाराष्ट्रात कूटाची दुसरीही एक परंपरा होती, आणि तिच्याशेजारी ठेवल्यावर भेदिक नीट कळतं. १४व्या शतकात महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. किल्ली पंथाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यामागचा हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे ह्यांच्या खटपटीतून ते साहित्य बाहेरच्या वाचकांपुढे आलं. ‘लीळाचरित्र’ सामान्य वाचकाला त्यामुळेच मिळालं. महानुभावांनी आपला ठेवा जपण्यासाठी कुलूप घातलं. शाहिरानं कुलूप घातलं ते चारचौघांनी जमून उघडावं म्हणून. कारागिरी दोन्हीकडे सारखीच बारीक आहे.

पुढे हे गाणं तमाशात उतरलं. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांनी सवाल-जवाबाला बोर्डावर उभं केलं. १९६४ साली अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका!’ मध्ये जयश्री गडकरांच्या तोंडी ते पडद्यावर आलं आणि घरोघरी गेलं. लोकप्रियता मिळाली, पण पडद्यावर सवाल आणि जवाब दोन्ही एकाच लेखणीतून उतरतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, सोडवत नाही. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत नाच पुढे आला, तरी सवाल अजून खरे आहेत, समोरचा पक्ष तयारी करूनच येतो. कोल्हापूर-बेळगावकडच्या भेदिकात नाच नाहीच. बसून, डफावर, शब्दाशी झुंज.

आज ह्या फडांची ध्वनिचित्रणं यूट्यूबवर येतात. पुण्यात, मुंबईत नोकरीला गेलेली मुलं ती ऐकतात. मला त्याचा आनंद आहे. पण एक काम अजून कुणी हातात घेतलेलं दिसत नाही, आणि ते तातडीचं आहे. छापील शाहिरी संग्रह कवीवार लागतात : ह्या शाहिराच्या लावण्या, त्या शाहिराच्या लावण्या. त्यामुळे सवाल एका पुस्तकात पडतो आणि त्याचा जाब दुसऱ्यात. अनेकदा जाब दुसऱ्या गावच्या बाडात असतो, कधी कानडी लिपीत, आणि घराण्याबाहेर कुणी तो पाहिलेलाही नसतो. ही बाडं म्हणजे हातानं लिहिलेल्या जाड वह्या, आणि पुष्कळ घरांत त्या माळ्यावर किंवा ट्रंकेत पडून आहेत. कलगीच्या घरातलं बाड आणि तुऱ्याच्या घरातलं बाड यांची छायाचित्रं घेऊन सवालासमोर जाब लावत गेलं पाहिजे. मराठी आणि कानडी दोन्ही वाचणारी माणसं त्या कामाला लागतील, आणि ती सदलगा-निपाणीच्या पट्ट्यात जागोजागी आहेत. ज्या सवालाला जाब सापडणार नाही, तो तसाच प्रसिद्ध करावा, ‘जाब हवा आहे’ असं खाली लिहून.