शत्रूच्या विमानाचा चेक अवतार

हरलेल्या शत्रूची शस्त्रे जेत्यांनी पळवली, यात नवल ते काय? पण वाचकहो, ज्या देशाला जर्मनांनी सहा वर्षे टाचेखाली ठेवले, त्यानेच जर्मनांचे विमान पुन्हा बांधावे, ही गोष्ट निराळी.

मेसरश्मिट २६२ हे जर्मनांचे जेट लढाऊ विमान. १८ जुलै १९४२ रोजी ते प्रथम निव्वळ जेटच्या बळावर उडाले. पुढे बाँबवर्षावापायी त्याचे काम जागोजागी पांगवावे लागले. काही भाग चेकोस्लोव्हाकियातही तयार होऊ लागले. १९४५ साली जर्मन गेले, भाग तिथेच राहिले. ते जुळवून आविया कारखान्याने एस-९२ उभे केले आणि २७ ऑगस्ट १९४६ रोजी आंतोनिन क्राउस याने ते उडवले.

बांधली किती? अवघी बारा! नऊ एका आसनाची, तीन शिकवणीसाठी दोन आसनांची.

घोडे अडले ते इंजिनापाशी. युद्धात निकेल-क्रोमियमची चणचण, म्हणून जर्मनांनी पोलादावर भागवलेले. वीस-पंचवीस तासांत इंजिन थकायचे. चेकांनी तेच एम-०४ या नावाने चालवले. १९५१ च्या सुमारास एस-९२ निवृत्त झाले, आणि पुढे तिथे रशियन मिग-१५ परवान्याने बनू लागले.

याला कुणी उष्ट्यावरची भूक म्हणेल. मला ते पटत नाही. चेक वैमानिकांनी आणि कारागिरांनी जेटची धुळाक्षरे याच विमानावर गिरवली. प्रागमध्ये कबेलीच्या संग्रहालयात दोन्ही प्रकारांचा एकेक नमुना जपलेला आहे.