रामराज्यवियोग : अपुऱ्या संगीत नाटकाची पुनर्रचना

अण्णासाहेब किर्लोस्करांची ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ ही संगीत नाटके तुम्हांला माहीत असतील. त्यांचे तिसरे संगीत नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे तीनच अंक तयार होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले आणि नाटक त्यांच्या हातून अपुरेच राहिले.

अपुऱ्या नाटकाचा प्रयोग झालाच कसा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. लक्षात घ्या, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चेही पहिले चारच अंक झाले होते. १८८२ मध्ये ‘सौभद्र’चे आधी तीन अंक झाले, पाचही अंक १८८३ मध्ये. तयार झालेला भाग रंगभूमीवर आणायचा आणि उरलेला मागाहून लिहायचा, ही त्यांची कामाची रीतच होती.

आता हे नाटक पुन्हा उभे करायचे तर अडचण कोणती? इटालियन संगीतकार पुच्चिनी यांचा ‘तुरांदोत’ हा ऑपेरा १९२४ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरा राहिला. पण त्यांनी शेवटाचे स्वरलिपीतले कच्चे आराखडे मागे ठेवले होते. त्यांवरून फ्रांको अल्फानो यांनी शेवट रचला. १९२६ च्या पहिल्या प्रयोगात मात्र तोस्कानिनी यांनी पुच्चिनींचे लेखन संपले तिथेच वाद्यवृंद थांबवला.

किर्लोस्करांच्या पदांना अशी स्वरलिपी नव्हती. पदावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश असे. ते गाणे विस्मरणात गेले की शब्द उरतात, सूर हरवतो. या नाटकात मंथरेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. अवघ्या पावणेदोन वर्षांच्या फरकाने तो आवाज कायमचा गेला.

म्हणून पुनर्रचनेत दोन कामे वेगळी ठेवा : लिहिलेल्या तीन अंकांच्या चाली शोधणे आणि न लिहिलेला शेवट रचणे. पहिले संशोधन आहे, दुसरी नवनिर्मिती. समजा, भिलाईच्या बोरसीत तुमच्या गटाने हा प्रयोग बसवला. परंपरेने मिळालेली चाल कोणती, तर्काने बसवलेली कोणती आणि किर्लोस्करांची लेखणी कुठे थांबली, हे प्रेक्षकांना आधी सांगा. ते लपवले, तर आपली रचना त्यांच्या नावावर खपेल आणि पुढचा अभ्यासक फसेल.

स्वाध्याय : तुम्ही तिसऱ्या अंकानंतर पडदा पाडाल की शेवट लिहाल? कारणे द्या.